गोधडीची चौकट : शिवण्याच्या काही सोप्या रीती



दिवाळी उलटून हवेत गारवा आला, म्हणजे आमच्या अमरावती-अकोल्याकडील घरांतून माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात आणि अंगणातील बाजेवर गोधड्या उन्हात पडतात. वैशाखात जिथे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, त्याच मुलखात पौषाच्या पहाटे हरभऱ्याच्या जागलीस गेलेल्या माणसाचे दात वाजतात, हे बाहेरच्या माणसास खरे वाटत नाही. अशा वेळी अंगावर घ्यावयाची जी गोधडी, तिची एक चौकट थोड्या श्रमात पण बिनचूक कशी शिवावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

हा विषय एखाद्या अनुभवी गृहिणीने मांडावयाचा. निवृत्त शाळामास्तराने त्यात हात का घालावा, अशी शंका कोणास आल्यास ती रास्त आहे. त्याचे उत्तर माझ्या आईच्या तीन लुगड्यांत आहे. आई गेली तेव्हा तिच्या पेटीत तीन नऊवारी लुगडी निघाली. आम्ही भावंडेही तीनच. लुगडी वर्षभर तशीच पडून राहिली. मग एके दिवशी दारावर बोहारीण आली आणि घरातील जुनेरे काढता काढता ती तिन्ही लुगडीही ओट्यावर येऊन पडली. सौदा स्टीलच्या एका डब्यापर्यंत येऊन ठेपला होता. मी त्याच वेळी बाजारातून परत आलो, म्हणून ती वाचली. मी बोहारणीला दोष देत नाही आणि घरच्यांनाही देत नाही. जे नेसावयाच्या उपयोगाचे राहिले नाही आणि टाकवतही नाही, त्याचे काय करावयाचे हे आमच्यापैकी कोणी ठरविलेच नव्हते. तीन लुगड्यांच्या तीन गोधड्या करून तीन घरी द्याव्या, असे मी त्या दिवशी ठरविले. सुई ओवण्यापलीकडे मला त्या वेळी काहीही येत नव्हते.

प्रथम नावांचा थोडा उलगडा करू. जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेली ती गोधडी. तिलाच वाकळ असेही म्हणतात; आमच्या खेड्यांतील बोलीत ळचा य होतो, म्हणून तिथे तिची ‘वाकय’ होते. तान्ह्या मुलासाठी केलेले लहानसे ते दुपटे. चार पदरांची, ठिगळांशिवाय केलेली ती चौघडी. ज्यात पिंजलेला कापूस भरतात ती रजई किंवा दुलई, आणि घोंगडी तर मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली. तिचा आणि शिवणाचा संबंध नाही. संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला कंथा म्हणतात, आणि बंगालमधील ‘काँथा’ हे नाव याच शब्दाशी जोडले जाते. बंगालच्या बायका त्याच साध्या धावदोऱ्याने जुन्या साड्यांवर फुले, पाने, हत्ती, रथ काढतात. आमच्याकडे एवढी नक्षी नाही. आमचा डौल चौकोनांच्या मांडणीत आणि टाक्यांच्या सरळ रांगांत आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा यांच्या अंगावर चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र असे. त्यावरून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. हातात खराटा, डोक्यावर गाडगे आणि अंगावर ती गोधडी या वेषात त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. १९५६ च्या डिसेंबरात वलगावजवळ त्यांचा देह पडला. त्यांच्या कार्याविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ठिगळांच्या वस्त्राची लाज वाटू नये, ते स्वच्छ मात्र असावे, ही गोष्ट या मुलखाने त्यांच्या अंगावरच पाहिली.

कोणी विचारील की, वऱ्हाड हा तर कापसाचा प्रांत. इथे चिंध्या पांघरण्याची वेळ का यावी? याचे एक कारण सरळ आहे. कापूस पिकविणाऱ्याच्या घरी कापूस राहत नसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस विलायतेस जाईना, तेव्हा आमच्या कापसास सोन्याचे मोल आले. पुढे १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि गाठीच्या गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या. घरी उरले ते फाटके धोतर आणि विटलेले लुगडे. दुसरे कारण मला अधिक पटते. कापसाची रजई धुता येत नाही; धुतली की आतील कापसाचे गोळे होतात, मग ती उसवून पुन्हा पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. गोधडी नदीवर न्यावी, खडकावर आपटावी, दुपारपर्यंत वाळवून संध्याकाळी पांघरावी. लहान मुले, आजारी माणसे आणि बाळंतिणी ज्या घरात आहेत, तिथे हा गुण मोठाच आहे.

गोधडीची ऊब येते कुठून, हे मी शाळेत मुलांना नेहमी विचारीत असे. मुले सांगत, ‘कपड्यातून.’ वास्तविक कपडा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. दोन थरांच्या मध्ये जी हवा कोंडलेली असते, ती हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. म्हणून एकाच जाड चादरीपेक्षा चार पातळ थर अधिक उबदार ठरतात. हे थर एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून टाके. पण टाके फार दाट घातले तर थर एकमेकांस चिकटून हवा निघून जाते आणि गोधडी फळीसारखी होते. दोन रांगांत एक ते दीड इंच अंतर असावे आणि इंचास चार-पाच टाके बसावे, हे प्रमाण मला चांगले आढळले. निपुण बायका याहून पुष्कळ बारीक टाका घालतात. ती शोभेची गोष्ट आहे.

आता लुगड्याकडे वळू. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. त्याचे चार सारखे तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा ८१ इंच लांब होतो; चारही एकावर एक ठेवून शिवले की एका माणसापुरती चौघडी एकाच लुगड्यात निघते. ही सर्वांत सोपी रीत होय. परंतु जुने लुगडे सर्व अंगाने सारखे झिजत नाही. बसण्याचा भाग विरतो, टाचांना घासणारा काठ कुरतडल्यासारखा होतो. निऱ्यांचा आणि पदराचा भाग मात्र पुष्कळदा धड असतो. म्हणून लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. ज्या ठिकाणी पलीकडची खिडकी स्पष्ट दिसते, तो भाग आतल्या थरासाठी. जिथे उजेड अडतो, तो भाग वरच्या चौकोनांसाठी. आमच्या आईच्या पहिल्या लुगड्यात, गर्द हिरव्या रंगाचे ते होते, असा धड भाग एक तृतीयांशच निघाला.

तोच मी बिघडविला. मी कागदावर आकृती काढली होती. चार इंचांचा एक चौकोन, तीन आडवे, तीन उभे, अशा नऊ चौकोनांची १२ इंची चौकट. पाच चौकटी रुंदीस, सात लांबीस, म्हणजे ६० इंच रुंद आणि ८४ इंच लांब गोधडी. हिशेब अगदी चोख. त्याप्रमाणे पुठ्ठ्याचा चार इंची नमुना करून मी सारा धड कपडा चार-चार इंचांनी कापून टाकला आणि मोठ्या समाधानाने तो ढीग शेजारच्या काकूंना दाखवावयास नेला. काकूंचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी दोन चौकोन उचलले, कडा जुळवून बोटाने दाबल्या आणि म्हणाल्या, “गुर्जी, कपड्याले माया नाई ठेवली तुमी.”

शिवणीच्या आत दबून जाणारा जो जास्तीचा कपडा, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. मी भूमितीचा चौकोन कापला होता. तिला कडा असतात पण जाडी नसते. कपड्याचा चौकोन जोडताना चारी बाजूंनी काही भाग आत जातो. अर्धा इंच माया धरली, तर चार इंचांचा चौकोन दिसतो तीनच इंचांचा. माझी १२ इंची चौकट ९ इंचांची झाली, आणि ६० × ८४ ची गोधडी ४५ × ६३ ची. दोहोंचे क्षेत्रफळ काढून पाहिले, तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक इतकेच उरले. मोठ्या माणसाचे पाय त्यात झाकत नाहीत. ती गोधडी धाकट्या बहिणीकडे गेली आणि तिची नात ती वापरते. बहिणीने तक्रार केली नाही. पण तिच्या वाट्यास लहान गोधडी आली, ही गोष्ट मला अजून बोचते.

तेव्हा पहिला नियम हा की, जुन्या कपड्यास प्रत्येक बाजूस अर्धा इंच माया ठेवावी. नव्या घट्ट विणीच्या कपड्यास पाव इंच पुरते. जुन्या कपड्याच्या कडेचे धागे सुटत जातात, म्हणून त्याला पाव इंच पुरत नाही. चार इंचांचा चौकोन दिसावयास हवा असेल, तर पाच इंचांचा कापावा.

दुसरा नियम सरळ कापण्याचा. कपड्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली, तरी कपडा सरकतो आणि रेघ वाकडी जाते. त्यापेक्षा कडेला कात्रीने लहानशी चीर द्यावी, तिथला एक धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढावा. धागा निघाला की कपड्यात एक बारीक सरळ वाट दिसते. त्या वाटेने कात्री चालवावी. कपडा अजून मजबूत असेल तर चीर देऊन फाडला तरी तो धाग्याच्या रेषेतच फाटतो. विरलेला कपडा मात्र फाडू नये; त्याची कड ताणली जाऊन लाटेसारखी होते.

आता नऊ चौकोनांची चौकट. एका गोधडीस अशा ३५ चौकटी, म्हणजे ३१५ चौकोन लागतात. प्रत्येक चौकटीत पाच गडद आणि चार फिके, असे धरले तर १७५ गडद, १४० फिके. हे सर्व एक एक कापून जोडावयाचे, तर नुसत्या लहान शिवणीच २१० होतात, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांस गाठ. काकूंनी सांगितलेली रीत अशी : चौकोन कापूच नयेत, आधी पट्ट्या कापाव्या. लुगड्याचा पन्हा काठ उतरवल्यावर ४५ इंच उरतो असे धरू. पन्ह्याच्या दिशेने पाच-पाच इंच रुंदीच्या २० गडद पट्ट्या काढा आणि जुन्या धोतराच्या १६ फिक्या पट्ट्या काढा. गडद, फिकी, गडद अशा तीन पट्ट्या लांबीने जोडा. असे आठ संच करा. फिकी, गडद, फिकी असे जोडून चार संच करा. मग प्रत्येक संच आडवा, पाच-पाच इंचांवर कापा. एका संचातून नऊ तुकडे निघतात, आणि प्रत्येक तुकड्यात तीन चौकोन आधीच जोडलेले असतात. पहिल्या प्रकारचे दोन तुकडे वर-खाली, दुसऱ्या प्रकारचा एक मध्ये. दोन शिवणी घातल्या की चौकट तयार. पहिल्या प्रकारचे ७० तुकडे लागतात, निघतात ७२; दुसऱ्याचे ३५ लागतात, निघतात ३६. उरलेल्या तिन्हींची मिळून एक चौकट अधिक होते; ती चुकीसाठी बाजूस ठेवावी. चूक होतेच.

या रीतीने टाक्यांची लांबी कमी होते, असा कोणाचा समज होऊ नये. मी मोजून पाहिले : २१० लहान शिवणी पाच-पाच इंचांच्या म्हणजे १०५० इंच, आणि २४ लांब शिवणी ४५ इंचांच्या म्हणजे १०८० इंच. शिवण जवळजवळ तितकीच. वाचतो तो कापण्याचा, जुळविण्याचा आणि गाठी मारण्याचा वेळ, आणि सर्वांत मोठा लाभ हा की चौकोनांचे कोपरे आपोआप सारखे येतात. मात्र एक खबरदारी घ्यावी. या लांब शिवणी पुढे आडव्या कापावयाच्या असल्याने साधा धावदोरा घातला तर कापताक्षणी तो दोन्ही अंगांनी उसवतो. यंत्रावर टीप मारावी. हातानेच शिवावयाचे तर दर दोन-तीन टाक्यांनंतर एक टाका मागे घेऊन पुढे जावे. चौकटीतील शिवणी उलगडून दोन्ही बाजूंस पसरू नयेत, गडद कपड्याच्या बाजूस एकत्र दुमडाव्या. म्हणजे माया फिक्या कपड्यातून दिसत नाही.

ज्यांना त्रिकोणांची हौस आहे त्यांच्यासाठी एक युक्ती सांगतो. त्रिकोण कापून जोडू लागले की त्याची तिरपी कड, जिला शिंपी उरेब म्हणतात, ती हातात रबरासारखी ताणते आणि चौकोन वेडावाकडा होतो. म्हणून त्रिकोण कापण्यापूर्वीच शिवावा. सहा इंचांचे दोन चौकोन, एक गडद एक फिका, सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवा. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढा. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंस अर्ध्या-अर्ध्या इंचावर शिवण घाला आणि मग रेघेवरून कापा. उलगडताच दोन चौकोन मिळतात. प्रत्येक अर्धा गडद, अर्धा फिका. ते सव्वापाच इंचांहून किंचित मोठे भरतात. तिरपी शिवण नेमकी कोपऱ्यांतून जाईल अशा बेताने पाच इंचांवर छाटावे. असे चार चौकोन फिरवून मांडले, तर जत्रेतील कागदी भिंगरीसारखी आकृती होते. तिरपी कड कापली जाते तेव्हा ती शिवणीने आधीच बांधलेली असते, एवढेच यातील मर्म.

परंतु ज्यांची दृष्टी मंद झाली आहे किंवा ज्यांच्यापाशी सारख्या मापाचे तुकडेच नाहीत, त्यांनी या दोन्ही रीतींच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी पट्टीभोवती पट्टी ही रीत आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक आवडते. विरलेल्या कपड्याचा १३ इंची चौकोन बैठकीसाठी घ्यावा. त्याच्या मध्यावर कोणताही लहान चौकोन सुलट ठेवून टाचावा. त्याच्या एका कडेवर एक पट्टी पालथी ठेवावी, कडा जुळवाव्या, बैठकीसकट शिवावे, पट्टी उलटून सुलट करावी आणि नखाने दाबावी. मग काटकोनात वळून दुसऱ्या कडेवर दुसरी पट्टी. अशी प्रदक्षिणा घालीत बैठक झाकून टाकावी आणि शेवटी कडा १३ इंचांवर छाटाव्या. पट्ट्या कमी-अधिक रुंदीच्या असल्या तरी बिघडत नाही. उलट लुगड्याचे काठ, जे अंगापेक्षा अधिक टिकतात आणि एरवी कुठे बसत नाहीत, ते इथे शोभून दिसतात. अमेरिकेतही ही रीत फार जुनी असून तिथे लाकडी ओंडक्यांच्या घरावरून तिचे नाव पडले आहे.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. त्या देशाच्या अलाबामा प्रांतात जीज बेंड नावाची वस्ती आहे. एके काळी कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायकांनी नवऱ्यांच्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन येथील आणि पुढे न्यूयॉर्क येथील मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतीवर टांगल्या गेल्या. आपल्या शेजारी कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्या कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने आत येतात, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांस ‘फुला’ म्हणतात. फुलाशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. इकडे कापूस पिकविणारा, तिकडे कापूस वेचणारा, आणि दोघांच्याही घरी पांघरूण चिंध्यांचे, याचे मला नवल वाटत राहते.

असो. चौकटी झाल्या, आता त्या गोधडीत कशा बसवाव्या? जुनी रीत म्हणजे सर्व चौकटी जोडून वरचा पट करावयाचा, खाली दोन-तीन थर जमिनीवर पसरावयाचे, आणि कडेपासून आत आत येत चौरस फेऱ्यांनी शिवत जावयाचे. यात नवख्या माणसाची फसगत ठरलेली. कडा आधी बांधल्या गेल्याने जास्तीचा कपडा मध्ये सरकत येतो आणि शेवटी तिथे फुगा उभा राहतो. म्हणून आधी मध्यापासून बाहेरच्या दिशेने, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सर्व थर एकमेकांस बांधावे. मग पक्क्या फेऱ्या बाहेरून आत घालाव्या.

काकूंना हे जमेना. त्यांचे गुडघे त्यांना जमिनीवर बसू देत नाहीत, आणि ८४ इंचांचा पट मांडीवर मावत नाही. तीन वर्षांपूर्वीच त्यांनी शिवण सोडून दिले होते. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दुसरी वाट धरली. प्रत्येक चौकट म्हणजे एक लहान गोधडीच समजावयाची. १३ इंची चौकटीखाली तेवढेच दोन थर ठेवून मांडीवरच शिवावे. मात्र चारी कडांना एक इंच भाग शिवल्याशिवाय सोडावा. अशा दोन चौकटी तयार झाल्या की त्यांचे फक्त वरचे पदर सुलट बाजू आत घेऊन अर्ध्या इंचावर जोडावे. उलटून पाहावे, मधल्या थरांच्या कडा एकमेकींवर चढत असतील तर छाटून नुसत्या भिडवाव्या, खालच्या पदरांपैकी एक सपाट ठेवून दुसऱ्याची कड दुमडून त्यावर हेम घालावी. सात चौकटींची एक पट्टी, अशा पाच पट्ट्या, आणि शेवटी पट्ट्यांची जोडणी. ती चार लांब जोडणी तेवढी जमिनीवर किंवा बाजेवर करावी लागते. ती मी करतो. काकूंना सुई ओवता येत नाही, म्हणून सकाळी मी दहा सुया ओवून उशीत टोचून देतो. दुपारपर्यंत त्या रिकाम्या झालेल्या असतात. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल तेवढाच घ्यावा. लांब घेतला की गुंतागुंत होते.

दोरा सुती असावा. बाजारातील पॉलिएस्टरचा दोरा न तुटणारा असतो हे खरे. परंतु जुन्या कपड्याच्या बाबतीत तोच त्याचा दोष आहे. ताण आला की दोरा टिकतो आणि कपडा कापला जातो. सुती दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.

कपड्यांच्या बाबतीत माझी दुसरी चूक सांगून ठेवतो. दुसऱ्या गोधडीला अस्तर म्हणून मी नवे कोरे मांजरपाट लावले, आणि ते न धुता लावले. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात वारास इंच-दीड इंच सहज आटते. जुने लुगडे पन्नास वेळा धुतलेले, ते आता आटणार कुठून? पहिल्या धुण्यानंतर अस्तर आखडले, वरचा पट चुरगळून वर आला, आणि तीन ठिकाणी लुगडे शिवणीलगत फाटले. तिथे आता ठिगळांवर ठिगळे आहेत. काकू एवढेच म्हणाल्या, “नवं कापड आंदी पान्यात बुडवा लागते.” तेव्हा नवे कापड लावावयाचेच असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच मापावे. रंगाचीही परीक्षा करावी : लाल आणि गर्द निळ्या कपड्यावर ओले पांढरे फडके घासून पाहावे, फडक्यावर रंग उतरला तर तो तुकडा फिक्या कपड्याशेजारी लावू नये.

गोधडी धुण्याविषयी दोन शब्द. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि साबण कपड्यात चिकटून राहतो. तिथे गोधडी शक्यतो नळाच्या किंवा पावसाच्या साठविलेल्या पाण्यात धुवावी. पिळू नये. भिजलेली गोधडी पिळली म्हणजे तिचे सारे वजन टाक्यांवर येते. दुहेरी करून बाजेवर टाकावी, पाणी निथळू द्यावे, आणि मग उलट बाजू उन्हाकडे करून वाळवावी. दोरीवर टांगल्यास मध्ये झोळ पडतो.

तिसरे लुगडे जांभळे आहे. आई ते सणासुदीस नेसत असे, म्हणून त्यात धड भाग पुष्कळ निघाला. त्याची गोधडी थोरल्या भावासाठी आहे. पट्ट्या मी यंत्रावर जोडून आणल्या, आतील शिवण काकू घालीत आहेत. ३५ पैकी १८ चौकटी झाल्या, १७ राहिल्या आहेत. काकूंची इच्छा संक्रांतीपर्यंत पुरे करण्याची आहे, आणि मी उद्या सकाळी सुया दहाऐवजी बारा ओवून देणार आहे.